गाठ चिलटाशी

गोल्डनरॉड नावाच्या पिवळ्या तुऱ्यांच्या रानझाडाच्या शेंड्यावर एक चिलट अंडं घालतं. अंड्यातून अळी निघते, अळी कोवळ्या शेंड्यात शिरते, शेंडा वाढायचा थांबतो आणि तिथे पानांची एक घट्ट गाठ तयार होते. झाडाला त्याचा फारसा त्रास होत नाही. साउथहॅम्प्टनला रुळांच्या कडेला उगवलेल्या अशाच एका गाठीचा खरा त्रास झाला तो रीडिंगच्या मीनाक्षी खांबेटेला, आणि त्यात चिलटाचा काहीही दोष नव्हता.

मीनाक्षी एका शाळेच्या ऑफिसात अर्धवेळ काम करायची. पूर्णवेळ ती काळजी करायची. नवऱ्याच्या, परीक्षितच्या, नोकरीमुळे पुण्याहून रीडिंगला आली तेव्हा तिने सामानात जे काही आणलं होतं त्यातलं बरंचसं झिजलं, फाटलं, चॅरिटी शॉपमध्ये गेलं. काळजी मात्र जशीच्या तशी होती, उलट इथल्या हवेत तिला चांगली फूट आली. औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी शेवटपर्यंत वाचणारी त्या गल्लीतली ती एकटीच बाई असावी. त्यातले सगळे दुष्परिणाम तिला घरात कोणात ना कोणात दिसायचेच. परीक्षित म्हणायचा, "तू चिठ्ठी वाचलीस की मला गोळी न घेताच चक्कर येते."

शनिवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये ती मुलांचा मराठी वर्ग घ्यायची. ते तिचं एकमेव काम, ज्यात काळजीपेक्षा अभिमान जास्त होता. तिची मुलगी सान्वी इथेच जन्मली, इथेच वाढली, पण आईशी मराठीत बोलायची. फोनवर तर मराठीच, असा नियमच होता. अर्थात सान्वीच्या मराठीत लिंग म्हणजे निव्वळ नशिबाचा खेळ होता. तिच्याकडे दही यायची आणि खुर्ची तुटायचा. वर्गातल्या इतर आया गालात हसायच्या आणि मीनाक्षी म्हणायची, "बोलते ना? मग झालं." घरी आल्यावर मात्र खुर्चीवरून अर्धा तास जायचा.

सान्वी जीवशास्त्र शिकायला साउथहॅम्प्टनला गेली आणि मीनाक्षीची काळजी बिनभाड्याची झाली. कुठेही हिंडायला मोकळी. पहिल्या वर्षी एकदा पोरीने दिवसभर फोन उचलला नाही, तेव्हा मीनाक्षी थेट तिच्या दारात जाऊन उभी राहिली. सान्वी मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेली होती. दुसऱ्यांदा निमित्त खोकल्याचं झालं. फोनवर दोनदा खोकली, एवढंच. मीनाक्षी ओवा, वेखंड आणि एक छोटी कढई घेऊन गेली आणि मुलींच्या स्वयंपाकघरात तिने धुरी दिली. पाच मिनिटांत अलार्म ठणाणा वाजला आणि अख्खी इमारत नाइटसूटमध्ये फुटपाथवर उभी राहिली. फायर ब्रिगेडच्या माणसाने कढईत डोकावून विचारलं की हे नक्की काय आहे. मीनाक्षीने त्याला वेखंडाचे गुण सांगितले. सान्वीने त्या वेळी डोळे मिटून घेतले होते.

नंतर ती शांतपणे बोलली. चिडली असती तर मीनाक्षीला परवडलं असतं.

"आई, तू परत न विचारता आलीस ना, तर मी तुला काही सांगणार नाही. फक्त 'आय ॲम फाइन' सांगणार. रोज. इंग्लिशमध्ये."

मीनाक्षीने देवावर हात ठेवून शब्द दिला. आणि तो पाळलाही. सान्वीला ताप आला, सायकलवरून पडली, घरात उंदीर निघाला. सगळं सगळं तिने फोनवर आईला सांगितलं आणि आई रीडिंगमध्येच बसून राहिली. दाराची किल्ली हातात धरून, पण बसून राहिली. लेक सगळं सांगते यापुढे तिला दुसरं काही नको होतं.

मग ऑगस्टमध्ये तो आवाजाचा मेसेज आला. सान्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत युनिव्हर्सिटीतच राहिली होती, कुठल्याशा प्रोजेक्टवर काम करत होती.

"आई, हाय! ऐक ना, मला एक गाठ सापडला आहे. वरती, टॉपला. छोटा आहे पण एकदम टाइट. आतमध्ये काहीतरी जिवंत आहे, ते ग्रो होतो. डॉक्टर प्रायर म्हणाली, कापून बघायला लागेल. तिनी असा इथे आधी कधीच बघितला नाही! बाबाला नको सांगू, कन्फर्म होईपर्यंत. ओके, बाय!"

मीनाक्षीच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की 'सापडला' नाही, 'सापडली'. गाठ स्त्रीलिंगी. मग ती खुर्चीत बसली.

तिने मेसेज पुन्हा ऐकला. आवाज आनंदी होता. म्हणजे पोर धीराने घेत होती. आईला धक्का बसू नये म्हणून हसत होती. मीनाक्षीने फोन लावला, तो वाजत राहिला आणि मग दोन शब्दांचं उत्तर आलं: लॅबमध्ये आहे. लॅबमध्ये! मीनाक्षीच्या सगळ्या आयुष्यात लॅब म्हणजे बाहीवर गुंडाळायचा रबरी पट्टा आणि सुई. दुसऱ्या कुठल्या लॅबशी तिची कधी गाठ पडलीच नव्हती. पोटची पोर जीवशास्त्र शिकते हे तिला ठाऊक होतं, पण त्या क्षणी आठवायचं राहून गेलं.

साउथहॅम्प्टनला रेखाताई राहायच्या, हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. मीनाक्षीने त्यांना फोन केला.

"गाठ आहे कुठे?" रेखाताईंनी विचारलं.

"टॉपला."

"टॉपला म्हणजे? डोक्यात?"

"तेवढंच म्हणाली ती. छोटी आहे, पण घट्ट. आणि आत काहीतरी जिवंत आहे."

"मीनाक्षी, मी भूल देणारी डॉक्टर. माझ्याकडे गाठी येतात तेव्हा पेशंट झोपलेला असतो. पण जिवंत गाठ मी अजून ऐकली नाही बाई. तू सान्वीलाच नीट विचार."

"ती उचलत नाहीये हो."

"बरं, मी इथे विचारून ठेवते. तू घाबरू नकोस."

"मी कुठे घाबरलेय?" असं मीनाक्षी म्हणाली तेव्हा तिने एका हाताने मुगाच्या खिचडीचा डबा बंद केला होता आणि दुसऱ्या हाताने अंगाऱ्याची पुडी पर्समध्ये टाकली होती. दिलेला शब्द तिला आठवला. अगदी लख्ख आठवला. तिने स्वतःला समजावलं की शब्द खोकल्यासाठी होता, गाठीसाठी नव्हता. परीक्षितला मेसेज टाकला: 'साउथहॅम्प्टनला जातेय. काही नाही.' त्याचं उत्तर आलं, 'काही नाही म्हणून कोणी साउथहॅम्प्टनला जात नाही.' पण तोवर ती गाडीत बसलेली होती.

बेसिंगस्टोकच्या पुढे रुळांच्या कडेने पिवळ्याधमक तुऱ्यांची रांगच्या रांग लागली होती. मीनाक्षी त्यांच्याकडे बघत होती आणि तिला काहीही दिसत नव्हतं. ती मनातल्या मनात कापायच्या आधी घ्यायची दुसरी मतं मोजत होती.

सान्वीच्या घराचं दार तिची मैत्रीण दिया हिने उघडलं. लंडनजवळच्या हॅरोची मुलगी, हसरी. पण मीनाक्षीच्या हातातली पिशवी बघून तिचं हसू जरा आखडलं. त्या रात्री फुटपाथवर तीही होती.

"हाय आंटी! आज काही जाळायचं नाहीये ना?"

"नाही गं. सान्वी कुठाय?"

"डॉक्टर प्रायरकडे. दे'र कटिंग हर गॉल्स ओपन टुडे."

गॉल! मीनाक्षीने दाराची चौकट धरली. गॉल म्हणजे गॉल ब्लॅडर. म्हणजे पित्ताशय. तिच्या नाशिकच्या वहिनीचं काढलं होतं. तिला एकदम बरं वाटलं, कारण त्याच्याशिवाय माणूस जगतं. वहिनी तर नको इतकी छान जगत होती. मग लगेच वाटलं, पण त्यात वाढतंय काय? आणि आजच कापताहेत? आईची सही न घेता?

"कुठलं हॉस्पिटल?" तिने विचारलं.

"हॉस्पिटल?" दिया गोंधळली. "आंटी, बायॉलॉजी बिल्डिंग."

आता कोणालाही काहीतरी उमगलं असतं. मीनाक्षीला एवढंच वाटलं की या देशात सरकारी दवाखान्यांवर फार ताण आहे, आता विद्यार्थ्यांची ऑपरेशनंसुद्धा कॉलेजात करायला लागले.

बायॉलॉजी बिल्डिंगच्या रिसेप्शनवरून आत फोन गेला आणि काही वेळाने सान्वी बाहेर आली. पांढरा कोट, विस्कटलेले केस, आणि हातात पिवळ्या फुलांची एक लांब दांडी. तिच्या अंगावर कुठेही बँडेज नव्हतं. आईला बघून ती जागच्या जागी थांबली.

"आई? तू... न विचारता आलीस?"

मीनाक्षीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग तिची नजर त्या दांडीवर गेली. शेंड्यावर, अगदी टॉपला, पानांचा एक बारका घट्ट गेंद होता. जसं कोणी सगळ्या पानांना धरून आत गाठ मारली असावी.

"ही गाठ?" मीनाक्षीने बोट दाखवून विचारलं.

सान्वीच्या चेहऱ्यावरचा राग तिथल्या तिथे विरघळला. "तू गाठ बघायला आलीस?"

पुढे बरेच दिवस मीनाक्षीने यावर दिलेल्या उत्तराची स्वतःशी सगळ्या बाजूंनी तपासणी केली. शब्दशः ते खरंच होतं.

"हो," ती म्हणाली, "गाठ बघायलाच आले."

सान्वीने तिला मिठी मारली. "ओ माय गॉड, आई! कोणालाच इंटरेस्ट नाहीये. दिया पण बोअर होते. तुला आठवतं, मी छोटी होते तेव्हा पार्कमध्ये ओकच्या पानावर गोळी होती, आणि तू म्हणाली, झाडालापण गाठ येते? म्हणून मी तुला पहिला सांगितला."

मीनाक्षीला ते अजिबात आठवत नव्हतं. "आठवतं तर," ती म्हणाली. एकदा थाप मारायला लागलं की हात बसतो.

आत लॅबमध्ये टेबलभर त्याच दांड्या पडल्या होत्या. मीनाक्षीने त्यांना चटकन ओळखलं. पुण्यात कुणाचाही सत्कार झाला की पुष्पगुच्छात ग्लॅडिओलसच्या भोवती जे पिवळं गवत खोचतात, तेच हे. शाल, श्रीफळ आणि हे. सत्काराचं गवत इथे रेल्वेच्या कडेला रानोमाळ उगवतं, आणि त्याच्यावर डॉक्टरकीचे अभ्यास होतात. डॉक्टर प्रायर पन्नाशीच्या, गळ्यात भिंग लटकवलेल्या बाई होत्या. त्यांनी मीनाक्षीचा हात हातात घेऊन सांगितलं की इतक्या लांबून गॉल, म्हणजे झाडावरची गाठ, बघायला आलेली आई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. मीनाक्षीने विनयाने मान खाली घातली.

सान्वीने पातीने एक गाठ उभी चिरली आणि मायक्रोस्कोपखाली ठेवली. मीनाक्षीला आधी स्वतःच्या पापण्या दिसल्या. मग आणखी पापण्या. मग अचानक पानांच्या बेचक्यात एक नारिंगी ठिपका हलला.

"अगंबाई! बाळ आहे!"

"अळी आहे," सान्वी म्हणाली. "चिलटाचा."

"चिलटाची."

"चिलटाची. तिची छाती बघ. एक छोटी ब्राऊन काडी दिसते? तिचा शेप महत्त्वाचा. वेगळा चिलट असला की शेप वेगळा." तिने पुस्तकातलं चित्र पुढे केलं. चित्रातल्या काडीला टोकाशी दोन फाटे होते. "पण फक्त गाठीवरून नाव नाही सांगता येत. आणि गाठ एकाने बांधली तरी आत राहतो दुसराच, असं पण होतं. मोठं चिलट बाहेर आलं की त्याच्या मिशा आणि पंख बघायचे. तेव्हा कन्फर्म."

"म्हणजे बाहेरून बघून काहीच कळत नाही?"

"काहीच नाही."

मीनाक्षी पुन्हा भिंगाला डोळा लावून बसली. आपण घाबरून आलो होतो हे ती चक्क विसरून गेली. तांदळातले खडे निवडणं, पोरीच्या केसांतल्या लिखा काढणं, असल्या बारीक कामांत तिची उभी हयात गेली होती. काडीला फाटे दोन की एक यावर तिने मत दिलं, मग बदललं, मग डॉक्टर प्रायरशी वाद घातला. सान्वी शेजारी कोपर टेकून उभी होती, आणि आईला अधूनमधून 'चिलट ते' म्हणून दुरुस्त करू देत होती.

नेमका तेव्हा टेबलावर ठेवलेला मीनाक्षीचा फोन वाजला. तिच्या हातात चिमटा होता. सान्वीने फोन उचलून स्पीकरवर टाकला.

"मीनाक्षी, रेखा बोलतेय. अगं, टॉपला म्हणजे छातीत असेल म्हणून मी आमच्या ब्रेस्ट क्लिनिकमध्ये विचारलं. आधी फॅमिली डॉक्टरकडून चिठ्ठी लागेल. आणि सान्वीला सांग, रडू नको म्हणावं, बहुतेक गाठी साध्याच असतात. भेटली का ती तुला?"

डॉक्टर प्रायरना मराठी येत नव्हतं, पण ब्रेस्ट क्लिनिक कळलं. त्यांनी अतिशय हळुवारपणे मीनाक्षीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तुम्हांला हवा तेवढा वेळ इथे बसा, असं सांगून त्या बाहेर गेल्या. दार लावताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"भेटली," मीनाक्षी फोनला म्हणाली. "रेखाताई, ती गाठ सत्काराच्या गवताला आहे." आणि तिने फोन बंद केला.

सान्वीने आईच्या हातातला चिमटा काढून टेबलावर ठेवला. ती हसेल असं मीनाक्षीला वाटलं. हसायला हरकत नव्हती.

"सान्वी, अगं तू 'मला गाठ सापडला' म्हणालीस, मग मला वाटलं... तुला बरं आहे ना?"

"आय ॲम फाइन," सान्वी म्हणाली.

एवढेच शब्द, इंग्लिशमध्ये. मीनाक्षीने खिचडीचा डबा टेबलावर ठेवला, मग उचलला, मग परत ठेवला.

स्टेशनपर्यंत सान्वी सोबत आली, पण बोलली नाही. रुळांच्या जाळीलगत गोल्डनरॉड वाऱ्यावर डुलत होता. शांतता सहन न होऊन मीनाक्षीने एका शेंड्याकडे बोट दाखवलं. "ही गाठ?"

"कळी."

"आणि ही?"

"कळी."

"ही तरी?"

"आई, तो कोळ्याचं घर आहे."

मीनाक्षीने 'ते' म्हटलं नाही. जीभ दाताखाली धरली आणि पुढच्या झाडाशी वाकली. शेवटी एक शेंडा तिने नुसताच दाखवला, विचारलंही नाही. सान्वीने तो बोटांनी चाचपला. मग तिने पिशवीतून तोंडाला मलमल बांधलेली काचेची बरणी काढली, तळाच्या ओल्या मातीत ती दांडी रोवली आणि बरणी आईच्या हातात दिली.

"घरी ने. उघडायची नाही. हलवायची नाही. फक्त बाहेरून बघायची."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

"आणि आत काही झालं तर?"

"आई, काहीतरी व्हावं म्हणूनच ठेवायची आहे."

बरणी खिडकीत बसली. सान्वी रोज न चुकता 'आय ॲम फाइन' पाठवत राहिली, आणि मीनाक्षी बरणीच्या काचेला नाक लावून उभी राहत गेली. पानं काळवंडली तेव्हा तिला मलमल सोडून फुंकर घालावीशी वाटली. काचेवर दव जमलं तेव्हा अळीला दमा होईल असं वाटलं. परीक्षित चहा पिताना विचारायचा, "बाळंतीण कशी आहे?" ती म्हणायची, "हसू नकोस, तिला आवाज लागतो." पण मलमलीची दोरी काही तिने सोडली नाही. दोनदा गाठीवर बोट ठेवलं, तेवढंच.

एका सकाळी काचेवर काहीतरी चमकलं. मोहरीपेक्षा बारीक, हिरव्या धातूसारखं. मीनाक्षीने फोटो पाठवला: 'चिलट आलं!'

त्या दिवसानंतर पहिल्यांदाच लेकीचा फोन आला. "आई, ते चिलट नाही. ती वास्प आहे, इवलीशी गांधीलमाशी. ती चिलटाच्या अळीला आतून खाते."

"म्हणजे आपली अळी..."

"गेली."

मीनाक्षी खिडकीत बसून रडली. एका चिलटाच्या अळीसाठी, जिचं नावही अजून कोणाला माहीत नव्हतं. पलीकडे सान्वी ऐकत होती, आणि मग तिला हसू फुटलं. इतकं की श्वास लागला. "आई, तू खरंच रडतो?"

"रडतेस," मीनाक्षी नाक पुसत म्हणाली.

"रडतेस. अगं, आत अजून असतील. थांब थोडा."

ती थांबली. सप्टेंबर संपता संपता आणखी एक बाहेर आलं. या वेळी लांब पाय, मण्यांच्या माळेसारख्या मिशा, अंगात काही जोर नसलेलं. परीक्षितने गाडीने बरणी साउथहॅम्प्टनला पोचवली, कारण मीनाक्षीने स्वतः जायचं नाही असं ठरवलं होतं. काही दिवसांनी सान्वीचा फोन आला तेव्हा मीनाक्षी वर्गाला निघाली होती, दारात बसून बूट घालत होती.

"आई, डॉक्टर प्रायरनी बघितलं. चिलटच आहे. पण मादी. मादीवरून नाव नाही सांगता येत. नर लागतो."

"काय? मादीचं नाव तिच्या नवऱ्यावरून?" मीनाक्षी कडाडली. "इथेसुद्धा?"

सान्वी हसली. मग हसायची थांबली. मीनाक्षीच्या हातात बुटाची नाडी तशीच राहिली.

"आई, अजून एक सांगायची होती. मी स्टॅट्समध्ये नापास झाली. परत द्यायला लागेल. मला खूप रडायला येतं. बट डोन्ट... तू येऊ नको, प्लीज."

साउथहॅम्प्टनची पुढची गाडी किती वाजता आहे हे मीनाक्षीला पाठ होतं. एका पायात बूट होता. किल्ली खिशात होती.

"नाही येत," ती म्हणाली. "मी बाहेरून बघते. तू सांग."

सान्वी सांगू लागली, मराठीत, सगळी लिंगं चुकवत. मीनाक्षीने एकही दुरुस्त केलं नाही. तिने नाडीची दोन्ही टोकं हातातून सोडून दिली आणि गाठ न मारता तशीच दारात बसून राहिली.